माजोर्ड्याचे अँथनी मास्तर



राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवणीच्या खोऱ्यात भरणाऱ्या या वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाला बोलावल्यावर तो पगार, बोनस आणि किमान वेतन यांविषयीच बोलणार, असे आपणांस वाटले असेल. पण पत्रिकेवर विषय छापला आहे तो गोव्यातील एका ख्रिस्ती संगीतशिक्षकाचा. या मास्तरांचा आणि मार्गासनीचा संबंध काय, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर मी आरंभीच देऊन टाकतो. या मास्तरांचे नाव आपणांपैकी बहुतेकांनी तोंडाने घेतलेले आहे. वरातीच्या बँडवर ते वाजलेले आहे, गणपतीपुढे पोरे त्यावर नाचलेली आहेत. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट आला. त्यात अमिताभ बच्चन एका प्रचंड अंड्यातून उंच टोपी घालून बाहेर येतात आणि गाण्यातून आपले नाव सांगतात. ते नाव अँथनी गोन्साल्विस. हे नाव कोणी यमक जुळावे म्हणून घातलेले नव्हते. त्या नावाचा माणूस त्या वेळी हयात होता, आणि तो या गाण्याच्या एका संगीतकाराचा गुरू होता.

सबंध हिंदुस्थानाने नाव घेतले आणि माणूस मात्र कोणाला ठाऊक झाला नाही, असे ज्याच्या बाबतीत घडले, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. कसब शिकवणाऱ्याचे नाव कोठे लिहिले जाते आणि कोठे पुसले जाते, हा प्रश्न कामगाराचा आहे. म्हणून मी तो आपल्यापुढे आणला आहे.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यात, सासष्टी तालुक्यातील माजोर्डा या समुद्रकाठच्या गावी झाला. गावात देवमातेचे चर्च आहे. अँथनींचे वडील जुझे आंतोनियो हे त्या चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख. मुलाने स्वर ओळखला तो बापाच्या हाताखाली, चर्चच्या प्रार्थनेत.

अशा शिक्षकाला गोव्यात 'मेस्त्रे' म्हणत. हा पोर्तुगीज शब्द, आणि त्याचा अर्थ मास्तर, उस्ताद. आता गंमत पाहा. आपल्याकडे गवंड्यांचा, सुतारांचा, कारखान्यातील फिटरांचा जो प्रमुख असतो त्याला आपण 'मिस्त्री' म्हणतो. तो शब्द याच मेस्त्रेपासून आला. आणि महिन्याच्या अखेरीस आपण ज्याची वाट पाहतो तो 'पगार', तोही पोर्तुगीजच. मला शाळा फार लाभली नाही. शब्दांची ही नाती मी पुढे कामाच्या फटीतून वाचून शिकलो. पण हे नाते कळले त्या दिवशी फार समाधान वाटले. मुलांना सूर शिकवणारा आणि भिंतीला ओळंबा लावायला शिकवणारा यांना एकाच शब्दाने हाक मारणारी भाषा कामगाराला आपली वाटल्याशिवाय कशी राहील?

गोव्यातील गावोगावच्या चर्चना जोडून पाठशाळा असत. तेथे मुलांना धर्मशिक्षण मिळे आणि त्याबरोबर संगीतही. हा मेस्त्रे मोठा कडक. हातात व्हायोलिन लगेच मिळायचे नाही. आधी सोलफा, म्हणजे कागदावरच्या पाच रेघांवर मांडलेले स्वर पाहून तोंडाने म्हणण्याचा सराव करायचा. ते पक्के झाले की मग वाद्य. रविवारची उपासना, चाळीस दिवसांच्या उपवासकाळातील प्रार्थनागीते, गावाच्या फेस्ताची मिरवणूक, कोणाचे लग्न, कोणाची अंत्ययात्रा, या सर्वांना मेस्त्रे आपल्या पोरांचा ताफा घेऊन हजर.

आपणांस हे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या मावळातील भजनी मंडळे आठवा. पखवाजावर हात बसलेला एखादा म्हातारा देवळात संध्याकाळी पोरांना जवळ घेऊन बसतो. पोर आधी टाळ धरते, ठेका अंगात मुरवते, मग कधीतरी पखवाजाला हात लावायला मिळतो. सप्ताह असो की कोणाचे दिवसकार्य, तो म्हातारा हजर. देवाच्या दारात गरिबाच्या पोराला फी न देता विद्या मिळते, ही गोष्ट देवळाला लागू आहे तशीच चर्चलाही लागू आहे.

या व्यवस्थेचा इतिहास मात्र झाकून ठेवता कामा नये. पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो १५१० साली. १५६७ साली सासष्टीतील देवळे पाडली गेली. धर्मन्यायालयाचा जाच १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, अडीच शतके चालला. चर्चमधील हे संगीत सत्तेच्या पाठोपाठ आले, प्रेमाने दिलेला नजराणा म्हणून आले नाही. पण लादलेली वस्तूसुद्धा कष्टकरी माणूस आपल्या हाताने घासून आपली करून घेतो. गोमंतकीय माणसाने त्या सुरावटीत कोंकणी शब्द घातले, मांडो रचले, आपली सुखदुःखे त्यात ओतली. अँथनी गोन्साल्विस तर आपल्या नावात 'प्रभू' हे घराण्याचे जुने आडनावही लावीत. अँथनी प्रभू गोन्साल्विस! दोन्ही वारसे त्यांनी एकाच सहीत सांभाळले.

गोव्यात विद्या होती, पण पोटाला काम नव्हते. तेव्हा घाटावरची माणसे ज्या वाटेने गेली त्याच वाटेने गोमंतकीयही गेले, म्हणजे मुंबईला. आपल्या गावकीच्या खोल्या मुंबईत होत्या. एका खोलीत पंधरा-वीस माणसे, पाळीने झोपायचे आणि भिंतीवर ग्रामदैवताची तसबीर. गोमंतकीयांची अशीच 'कुड्डे' धोबीतलाव आणि माझगाव या भागांत होती. एकेका गावाचे एकेक कूड. खलाशी, आचारी, वादक असे सारे तेथे उतरत आणि संध्याकाळी एकत्र जमून जपमाळेची प्रार्थना म्हणत. परक्या शहरात माणसाला उभे करणारी ती आद्य संघटनाच होती, असे मी समजतो.

पाच रेघांची स्वरलिपी वाचणाऱ्या या वादकांना मुंबईत मूकपटांच्या थिएटरांत काम मिळे, कारण पडद्यापुढे बसून वाजवायला माणसे लागत. १९३१ साली 'आलम आरा' आला, पडदा बोलू लागला आणि ते काम गेले. मग हॉटेलांतील बँड आणि पुढे चित्रपटांचे स्टुडिओ. यंत्र एका हाताने काम काढून घेते आणि दुसऱ्या हाताने वेगळे काम देते. ही गोष्ट गिरणगावाने पाहिली तशी वादकांनीही पाहिली.

१९४३ साली सोळा वर्षांचे अँथनी मुंबईस आले आणि व्हायोलिनवादक म्हणून नौशाद यांच्या ताफ्यात दाखल झाले. तेथे त्यांच्या कानावर पडला हिंदुस्थानी राग. चर्चमध्ये वाढलेल्या या मुलाला त्याची भूल पडली. दुसरा कोणी असता तर नेमून दिलेले वाजवून मोकळा झाला असता. यांनी हिंदुस्थानी संगीताच्या जाणकारांपुढे बसून राग शिकून घेतले. ज्याच्याजवळ एक विद्या पक्की असते, त्याला दुसरी विद्या शिकताना कमीपणा वाटत नाही.

आता चित्रपटातील गाणे त्या काळी कसे तयार होई, ते सांगितले पाहिजे. त्याशिवाय या माणसाचे काम ध्यानात येणार नाही. संगीतकार पेटीवर चाल बसवी. चाल म्हणजे एक ओळ, एकच धारा. पण ध्वनिमुद्रणाला समोर वादक असत पन्नास, कधी त्याहून जास्त. १९५२ च्या 'आन'साठी नौशाद यांनी शंभर वादकांचा ताफा वापरल्याचे सांगतात. या प्रत्येकाने काय वाजवायचे? व्हायोलिनांनी केव्हा उठायचे, बासरीने केव्हा थांबायचे, दोन कडव्यांच्या मधला भाग कोणी भरायचा, गायिकेचा स्वर लांबला तर त्याखाली कोणते दुसरे स्वर धरायचे? हे सारे जो कागदावर लिहून काढी त्याला 'अरेंजर' म्हणत. भाताच्या लावणीला वीस माणसे खाचरात उतरतात, तेव्हा मूठ कोणी फेकायची, ओळ कोणी धरायची आणि कोणाच्या पावलाने सर्वांनी मागे सरायचे, हे ठरवणारा एक जाणता लागतो. अरेंजर हा गाण्यातील तसा जाणता.

त्या काळी आजच्यासारखे तुकड्या-तुकड्यांनी मुद्रण होत नसे. गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच दालनात. शेवटच्या ओळीत एकाचा गज घसरला की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. सर्वांचे काम एकाच्या हातात आणि एकाचे काम सर्वांच्या हातात. माझ्या चाळीस भाषणांनी जे साधले नसते, ते तेथे प्रत्येक मुद्रणाला घडत होते.

अँथनी गोन्साल्विस हे अशा अरेंजरांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसले. त्यांच्याबरोबर सबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट अशी गोव्याची आणखीही माणसे होती. आपल्या आईबापांनी ज्या गाण्यांवर तारुण्य घालवले, त्यांतील पुष्कळांचा साज या मंडळींच्या हातचा आहे.

पण अँथनींना मनापासून आवडे ते शिकवणे. बापाने चर्चमध्ये जे केले ते मुलाने वांद्र्याच्या घरी केले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्यांत प्यारेलाल शर्मा हा मुलगा होता. त्याचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा हे ट्रम्पेट वाजवीत आणि स्वतःही अनेकांचे गुरू. घरची ओढगस्त असल्यामुळे मुलाला लहान वयातच वाजवून कमवावे लागले. अँथनींच्या शिष्यांत राहुलदेव बर्मन यांचेही नाव घेतात. जात, धर्म, प्रांत काही आड आले नाही. माजोर्ड्याच्या चर्चमध्ये उगवलेली विद्या एका हिंदी भाषक ब्राह्मण वादकाच्या मुलाच्या बोटांत गेली. धार्मिक माणूस कसा ओळखावा, असे मला कोणी विचारले, तर मी त्याच्या उंबरठ्याबाहेर कोणाची पायताणे सुटली आहेत ते पाहायला सांगेन.

आता माझ्या खात्यातील मुद्द्याकडे येतो. एवढे काम करणाऱ्यांना मिळत काय होते?

'प्रभात'सारख्या जुन्या कंपन्यांच्या काळी वादक महिन्याच्या पगारावर असत. १९४५ नंतर त्या कंपन्यांचा जोर ओसरला, स्वतंत्र निर्माते आले आणि वादक रोजंदारीवर आला. वाजवले तर पैसे. त्या पैशांसाठीही पुन्हा पुन्हा मागे लागायचे. गोदीतला हमाल आणि कोटटाय घातलेला व्हायोलिनवादक यांची स्थिती या बाबतीत फारशी वेगळी नव्हती. पुढे मुंबईतील चित्रपट-वादकांनी आपली संघटना बांधली आणि कामाचे तास व दर ठरवून घेतले. हमालांनाही अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा मिळाला. या दोन्ही लढायांची जात एकच आहे. ज्याचा मालक रोज बदलतो, त्या कामगाराला संघटनेवाचून आधार नाही.

दर ठरला, पण नाव? तबकडीवर नाव गायकाचे आणि संगीतकाराचे. तेही सहजी मिळालेले नाही. १९४९ साली 'महल' चित्रपटातील लता मंगेशकरांचे गाणे देशभर गाजले, तेव्हा तबकडीवर गायिकेच्या जागी पडद्यावरील पात्राचे, 'कामिनी' असे नाव छापलेले होते. गायिकेची ही कथा, तर मागच्या रांगेतील व्हायोलिनवाल्याला कोण विचारतो? अरेंजरचे नाव आले तर 'सहाय्यक' म्हणून, आणि पुष्कळदा तेवढेही नाही.

कायद्यानेही फार काळ डोळा उघडला नाही. १९५७ साली आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा झाला. त्यात लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा हक्क होता, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने कागदावर आला, आणि कलावंताच्या मानधनातील वाट्याची भक्कम तरतूद व्हायला २०१२ साल उजाडले. त्या वर्षी जूनमध्ये ती दुरुस्ती अमलात आली. अँथनी गोन्साल्विस त्याच वर्षी जानेवारीत वारले होते.

या माणसाने आपल्या मनातले काम एकदा सर्वांपुढे मांडून दाखवले. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी शंभराहून अधिक वादक-गायक उभे केले. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. वाजले ते कोणाच्या चालीचे साज नव्हते. अँथनींची स्वतःची रचना होती, हिंदुस्थानी रागांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या स्वरमेळात बसवलेली. 'सोनातिना इंडियाना' ही त्यांची एक कृती, सारंग रागातील कॉन्चेर्तो ही दुसरी. दिवसा दुसऱ्याच्या चाली सजवणारा माणूस मनात केवढे मोठे घर बांधीत होता, हे तेव्हा दिसले.

परंतु असे वाद्यवृंद चालायला मागे पैशाचे बळ लागते. राजाश्रय संपलेला होता आणि लोकाश्रय तेवढा तयार झालेला नव्हता. १९६५ साली ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील सिराक्यूस विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीत पुन्हा पाऊल टाकले नाही. ते माजोर्ड्याला, आपल्या गावी शांतपणे राहिले.

काही म्हणतील, हा तर रण सोडून जाणारा माणूस झाला. कामगार कार्यकर्त्याने त्याची थोरवी का गावी? आक्षेप वाजवी आहे. आम्ही लोकांना टिकून लढायला सांगतो. पण मी आयुष्यात दोन प्रकारची माणसे जाताना पाहिली. एक प्रकार आपले कसब पेटीत बंद करून निघून जातो. दुसरा, जाण्यापूर्वी ते दहा जणांच्या हाती देऊन जातो. दुसरा माणूस गेला तरी त्याची जागा रिकामी राहत नाही. अँथनी गेले तेव्हा प्यारेलाल उभे होते, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल हे जोडनाव घरोघर पोचू लागले होते.

आणि मग १९७७. मनमोहन देसाईंच्या चित्रपटातील नायक अँथनी, आणि गाणे आनंद बक्षींचे. नायकाचे आडनाव आधी वेगळे योजले होते. गोन्साल्विस हे आडनाव आले ते प्यारेलाल यांच्या गुरूसाठी. तबकडीवर, पाटीवर, श्रेयनामावलीत ज्याचे नाव कोणी धड लिहिले नाही, त्याचे नाव शिष्याने थेट गाण्यातच गुंफले. आता ते कोणाला खोडता येईना. गुरुदक्षिणेच्या पुष्कळ कथा आपण ऐकतो. अंगठा कापून दिल्याची कथा ऐकली की माझ्या अंगावर काटा येतो. ही दक्षिणा मला फार माणुसकीची वाटते. हिच्यात शिष्याचे काही गेले नाही, आणि गुरूचे गेलेले परत मिळाले.

परत मिळाले, पण पुरे नाही. लोक पडद्यावरच्या विनोदी पात्राला ओळखतात. माजोर्ड्यात राहणारा तो अबोल मास्तर कोणाच्या स्वप्नातही नव्हता. नाव मिळणे आणि ओळख मिळणे यांत अंतर आहे. ते अंतर एक गाणे भरून काढू शकत नाही. त्यासाठी ज्याच्या कामाचे नाव त्याच्या कामावरच लिहिलेले असावे लागते.

१८ जानेवारी २०१२ रोजी अँथनी मास्तरांनी गोव्यात देह ठेवला. १८ जानेवारी ही तारीख मुंबईचा गिरणी कामगार विसरत नाही. १९८२ साली त्याच दिवशी गिरण्यांचा महासंप सुरू झाला. दोन घटनांचा परस्पर संबंध काही नाही, पण मला त्या शेजारी शेजारी दिसतात. गिरण्या गेल्या, साचे भंगारात गेले. पुढच्या काळात इलेक्ट्रॉनिक वाद्ये आणि संगणक आले, शंभर वादकांची ती दालनेही ओस पडली. साचेवाल्याला सूत जोडायला ज्याने शिकवले त्या बुजुर्गाचे नाव कोणत्याही वहीत नाही. वादकांची नावे निदान काही अभ्यासकांनी उशिरा का होईना, वृद्ध वादकांच्या मुलाखती घेऊन जमा केली. मास्तरांचे नाव टिकले ते शिष्याने बोलून दाखवले म्हणून. मुका राहिलेला शिष्य हा गुरूचा सर्वांत मोठा शत्रू.

बंधुभगिनींनो, आम्ही संघटनेची माणसे मालकाकडे मजुरी मागतो. ती मागितलीच पाहिजे. पण श्रेय हेसुद्धा मजुरीतच येते, ही गोष्ट आम्हांला या माजोर्ड्याच्या मास्तरांनी शिकवली. आणि ते श्रेय दर वेळी मालकच बुडवतो असे नाही. पुष्कळदा आपणच बुडवतो. आपल्या जत्रेच्या पत्रिका काढून पाहा. त्यांत वर्गणीदारांची नावे असतात, पुढाऱ्यांची असतात, स्वागतोत्सुकांची तर दोन-दोन रकाने असतात. ज्याने पोरांना पखवाज शिकवला त्याचे नाव त्यांत किती वेळा असते? गावात नवी शाळा बांधली की कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव येते. ज्या मिस्त्रीने ती भिंत उभी केली आणि ती करताना चार पोरांच्या हाती थापी दिली, तो कोठे असतो?

यासाठी मोर्चा नको, अर्ज नको, सरकारचा पैसाही नको. पुढल्या जत्रेच्या पत्रिकेत एक ओळ वाढवावी, एवढेच माझे मागणे आहे. 'आम्हांला अमुक यांनी शिकवले' अशी ती ओळ असावी. छापखानेवाला तिचे वेगळे पैसे घेणार नाही, आणि घेतले तर ते संघटनेच्या वर्गणीतून मी देईन.